वाटी नसलेलं उसनं

आमच्या मलकापुरात उसनं मागण्याची पद्धत अजून आहे. (मलकापूर म्हणजे शाहूवाडी तालुक्याचं. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या अलीकडे लागतं ते. बुलढाण्याचं निराळं आणि कराडजवळचं निराळं. हा खुलासा आम्हां मलकापूरकरांना जन्मभर करावा लागतो, तसा आत्ताही केला.) वाटीभर साखर, मूठभर कोथिंबीर, दह्याला विरजण, छत्री, शिडी, पाहुणे फार झाले तर दोन गाद्या, असा हा जुना व्यवहार. अलीकडे त्यात एका वस्तूची भर पडली आहे. संध्याकाळी सातच्या सुमाराला पलीकडून हाक येते, "आजोबा, हॉटस्पॉट लावा की ओ!"

पलीकडून म्हणजे भिंतीपलीकडून. आमचं घर मूळचं एकच. वाटणी झाली तेव्हा माजघराच्या मधोमध भिंत आली. मी अलीकडे, थोरले बंधू पलीकडे. भांडण वगैरे काही नाही. बोलणं आहे, पण मोजकं. वाटणीत पितळी हंडे मोजले, पाट मोजले, परसातली विहीर मात्र कागदावर 'सामाईक' राहिली, कारण विहिरीच्या मधोमध भिंत घालणारा गवंडी अजून जन्माला यायचा आहे. हाक मारणारा हा बंधूंचा नातू, इयत्ता आठवीतला. त्याच्या पुण्याच्या मामेभावाने नवं प्लेस्टेशन घेतलं आणि जुनं याच्याकडे आलं, जसे आमच्या वेळी थोरल्याचे सदरे धाकट्याकडे येत तसं. ते टीव्हीला जोडून एकजण पुण्यात आणि एकजण मलकापुरात बसून फुटबॉल खेळतात. चेंडू जातो तो माझ्या टॅबमधून.

टॅब मी घेतला तो वर्तमानपत्र मोठ्या अक्षरात वाचण्यासाठी. त्यात सिमकार्ड आहे आणि रोजचा दोन जीबी डेटा आहे. मी त्यातला पाव हिस्सा वापरला तरी खूप. उरलेला रात्री बारा वाजता नाहीसा होतो. कुठे जातो ते कंपनीलाच ठाऊक.

पहिले दोन दिवस या दोन यंत्रांची ओळखच पटेना. टॅब इकडून साद घालतोय आणि पलीकडचं यंत्र मख्ख! मग कळलं, की २०१३ साली निघालेलं हे पहिल्या घडणीचं प्लेस्टेशन ४ फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकतं आणि आमचा टॅब ऐटीत ५ गिगाहर्ट्झमध्ये बोलत होता. म्हणजे पेटीवाला काळी एकमध्ये आणि गाणारा काळी चारमध्ये. टॅबची पट्टी उतरवली आणि सूर जमला. हाच पट्टा मायक्रोवेव्ह ओव्हनचाही आहे. त्यामुळे सौ.ने दूध गरम करायला ठेवलं, की पलीकडचा गोलकीपर झोपतो आणि भिंतीवर थाप पडते.

या २.४ च्या पट्ट्याबद्दल मला एका गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. माझ्या लहानपणी घरात नुसता रेडिओ ऐकायलासुद्धा परवाना लागे. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. आणि हा पट्टा सरकारने २००५ साली कमी ताकदीच्या घरगुती उपकरणांसाठी परवान्यातून मोकळा केला. म्हणजे गायरानच म्हणा की! आमच्या वाटणीच्या भिंतीला हे गायरान जुमानत नाही.

आता मुद्द्याचं. उसन्याला एक वाटी असते. साखर वाटीतून जाते, वाटी परत येते, आणि ती रिकामी परत करायची नाही असा आपल्याकडे दंडक आहे. काही नाही तर चार हिरव्या मिरच्या, काल केलेल्या वड्यांतली एक वडी. त्या वाटीमुळे देणारा चढत नाही आणि घेणारा उतरत नाही. हॉटस्पॉटला वाटीच नाही. परत काय करणार आणि कशातून करणार?

तुम्ही म्हणाल, टेलिफोनला तरी कुठे वाटी होती? खरं आहे. टेलिफोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्या दिवसांत लोक आपल्या कार्डावर शेजाऱ्याचा नंबर छापून त्यापुढे 'पी. पी.' लिहीत. पण ज्याच्या घरी फोन, त्याला मोबदला बरोबर मिळे. शेजारी आपल्याच दिवाणखान्यात उभा राहून, ओरडून बोलायचा आणि आपण पेपर वाचत असल्यासारखं करून त्याच्या मेहुणीचं लग्न कुठे फिसकटलं ते सगळं ऐकायचो. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं तेव्हाही तसंच. टीव्ही आपला, सतरंजीवर गल्ली. पण गल्ली समोर दिसत होती, जाताना "बरं का, येतो" म्हणत होती. हॉटस्पॉटमध्ये घेणारा दिसत नाही. टॅबच्या पडद्यावर एवढंच उमटतं: 'एक उपकरण जोडले आहे.'

आणि वाटी नसली, की देणारा आपला मोबदला दुसऱ्या मार्गाने वसूल करू लागतो. तो प्रश्न विचारतो. "लावतो, पण अभ्यास झाला का?" "कशाला रे तो खेळ?" "अरे, कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की सगळ्या पेठा मैदानावर लोटतात, आणि तू घरात बसून बोटांनी फुटबॉल खेळतोस?" प्रश्न रास्त आहेत, प्रेमाचेही आहेत. पण ते हॉटस्पॉट लावण्याआधी विचारले, की त्यांना जकात नाक्याचा वास येतो.

यावर त्या मुलाने एकदा जे विचारलं, ते एखाद्या वकिलाला शोभलं असतं. "आजोबा, बारा वाजता ते जाणारच हाय की. मग मला दिलं तर तुमचं काय गेलं?"

काय गेलं? विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला पहिलं भूदान मिळालं आणि पुढे देशभर लाखो एकर जमीन मिळाली. त्यातली बरीच खडकाळ, पडीक किंवा वादातली निघाली. स्वतःला नको ते देणं हे देणं का, असा प्रश्न तेव्हापासून आहे. तो निकष लावला, तर बारा वाजता मरणारा डेटा देणं हे पडीक रान देण्यासारखंच झालं. त्यासाठी मला कुणी दाता म्हणायचं कारण नाही, आणि दात्याचा रुबाब करायचा हक्क तर मला त्याहून नाही.

पण त्या मुलाचं म्हणणं संपूर्ण खरं नव्हे. टॅबची लहर भिंत ओलांडते. गल्ली ओलांडत नाही. पलीकडे नीट पोचायचं तर टॅब माजघराच्या कोनाड्यातच पाहिजे आणि चार्जरला लावलेला पाहिजे. म्हणजे मला तो घेऊन कट्ट्यावर जाता येत नाही. डेटा जात नाही, माझं जाणं जातं! सात ते साडेआठ मी कोनाड्याखालच्या खुर्चीला बांधलेला असतो. दिलेली खरी वस्तू हीच, आणि ती मुलाला दिसत नाही.

दुसरी गोष्ट अपडेटची. नुसत्या खेळाला डेटा फारसा लागत नाही, तासाला काही एमबीत भागतं. पण तो खेळ मधूनच ताजा व्हायला बसतो, आणि तेव्हा चाळीस जीबीसुद्धा मागतो. रोजच्या दोन जीबीच्या हिशोबाने वीस दिवस! तेवढे दिवस माझं वर्तमानपत्र गोगलगायीच्या वेगाने उघडणार. अपडेट म्हणजे डेटाचा ऊस. ऊस काय पितो हे कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. इथे नदीवर कोल्हापुरी बंधारे आहेत, पाणीपुरवठा संस्था आहेत, पाण्याच्या पाळ्या आहेत. पाळी मोडून कुणी रात्रभर मोटर चालवली, तर गाव विचारतं आणि विचारावंच. त्या दुसऱ्या, कराडजवळच्या मलकापुरात मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं गेलं, त्याचं देशभर नाव झालं. त्या मीटरने तरी काय विचारलं? किती, एवढंच. त्या पाण्याने तुम्ही आंघोळ केलीत की म्हैस धुतलीत, याची त्याला चौकशी नव्हती.

माझं मत असं, की देणाऱ्याने 'किती' विचारावं आणि 'कुणाला' विचारावं. 'कशाला' हा प्रश्न मात्र त्याचा नव्हे. 'कुणाला' अशासाठी, की सिमकार्ड माझ्या नावावर आहे. एकदा पडद्यावर 'तीन उपकरणे' दिसली. परवलीचा शब्द गल्लीत फुटला होता. उसनी आणलेली शिडी तिसऱ्याला द्यायची नसते, हे त्याला सांगितलं आणि शब्द बदलला. त्यात त्यालाही काही गैर वाटलं नाही. शिडीचं मुलांना लगेच कळतं.

मग आजोबाने नातवाला अभ्यासाचं विचारायचंच नाही का? जरूर विचारावं. पण आजोबा म्हणून विचारायचं, तर हॉटस्पॉट बंद असताना विचारावं. दुपारी विहिरीवर भेटला तेव्हा, गणितात काय चाललंय म्हणून. तिथे तो मोकळेपणाने सांगतो. "बीजगणित बरं हाय, भूमिती लई वंगाळ." सात वाजता तोच प्रश्न केला, की उत्तर येतं, "झाला." दोन अक्षरं. जकात भरल्यासारखी.

परवा पलीकडून वहिनींनी ओल्या काजूच्या उसळीची वाटी पाठवली. वाटी बघून मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी हॉटस्पॉटचा हिशोब ठेवतंय म्हणायचं. तसं मी सौ.ला बोलूनही दाखवलं. ती वाटी झाकत म्हणाली, "हॉटस्पॉटचं काय घेऊन बसलात? गेल्या आठवड्यात मी कुरडया पाठवल्या होत्या, त्याची आहे ही. आणि आता ही रिकामी जायची नाही. जरा बाजारातून गूळ घेऊन या."

"आत्ता? साडेसात वाजलेत. टॅब—"

"टॅब राहू दे तिथंच," ती म्हणाली. "तुम्ही जा."