खूण जुळली, पण गाडी सुरू होईना



पास्काच्या जागरणविधीत आपण यहेज्केल संदेष्ट्याच्या ३६ व्या अध्यायातील वाचन ऐकले. पाषाणाचे हृदय काढून नवे हृदय देण्याचे अभिवचन देव तेथे देतो. या आठवड्यात आम्ही आपल्याच धर्मग्रामातील एका अंगणात नवे हृदय बसवलेले पाहिले. मात्र ते होते एका जुन्या पद्मिनी फियाटचे.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेल्या. या घरातली गाडी मात्र दोघा भावांनी वडिलांची आठवण म्हणून जपली आहे. जुने इंजिन पार गेले, म्हणून थोरल्याने दुसऱ्या पद्मिनीचे चालू इंजिन आणून बसवले. (असे केल्यास आर.सी. बुकात इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो, हे जाता जाता.) आम्हाला आशीर्वादासाठी बोलावले. पवित्र पाणी शिंपडून झाले आणि गाडी काही सुरू होईना. सेल्फ मारला की कार्बुरेटरातून फाटकन भडका उडे. धाकटा म्हणाला, "भंगार गळ्यात मारलंय तुझ्या." थोरला गप्प झाला. फादरांच्या आशीर्वादाला गुण नाही, असे मागून कोणी पुटपुटले, तेही आम्ही ऐकले.

शेवटी गॅरेजवाल्या काकांना बोलावले. पुलीवरची टायमिंगची खूण तर बरोबर जुळत होती. काका हसले. "फादर, खूण दोनदा जुळते." पिस्टन एकदा हवा-पेट्रोल दाबत वर येतो आणि एकदा जळका धूर बाहेर टाकत. बाहेरून पाहावे तर खूण तीच. काकांनी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकावर बोट ठेवले आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवायला लावले. आतल्या दाबाने बोट उचलले गेले, तेव्हा "थांबा" म्हणाले. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले तर रोटरचे तोंड पहिल्या वायरीऐवजी नेमके समोरच्या चौथ्या वायरीकडे! डिस्ट्रिब्युटर उचलून अर्धा फेरा फिरवून बसवला आणि गाडी सुरू झाली.

तरी काकांचे समाधान नव्हते. पेट्रोल जळायला क्षणभर वेळ लागतो, म्हणून ठिणगी पिस्टन टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी पडावी लागते. फार आधी पडली तर चढावर इंजिन खटखटते. उशिरा पडली तर ओढ जाते आणि इंजिन तापते. त्यांनी प्रथम पॉइंटची फट नीट केली, कारण ती बदलली की टायमिंगही सरकते. मग टायमिंग लाइट धरून डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. इंजिनात मुळात दोष नव्हताच.

आजच्या शुभवर्तमानात थोमा बोट घालून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणतो. आपण त्याला संशयी म्हणून नावे ठेवतो. प्रभूने मात्र आठ दिवस जाऊ दिले आणि मग येऊन आपल्या जखमाच त्याच्यापुढे केल्या.

गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही एका घरी गेलो होतो. त्या गृहस्थाने उपवासकाळात दारू सोडली होती. मिस्साला येत होता, संध्याकाळी रोझरीला बसत होता. बाहेरच्या खुणा जुळलेल्या पाहून आम्ही पहिल्याच भेटीत, मुलांदेखत, मागची भांडणे आणि थकलेली वर्गणी काढली. बोललो त्यात खोटे काही नव्हते. आत काय चालले आहे, यावर बोट मात्र ठेवून पाहिले नाही. भडका उडाला. त्या रविवारपासून तो मिस्साला आला नाही. लोक म्हणाले, त्याचे परिवर्तनच खोटे होते. खरे सांगायचे तर आम्हीही मनात तेच म्हटले आणि सुटलो.

परवा अंगणात थोरल्या भावाचा उतरलेला चेहरा पाहताना तो गृहस्थ आठवला. येत्या बुधवारी संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी जाणार आहोत. वर्गणीची वही चर्चच्या ऑफिसातच राहील.