जुन्या पेठेवर हक्क कोणाचा?

लोणंद हे नाव उच्चारताच बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतील : कांद्याचा बाजार आणि आषाढीची वारी. पुणे-मिरज लोहमार्गावरील या गावास कोणी ऐतिहासिक नगर म्हणून संबोधीत नाही. तो मान सातारा जिल्ह्यातच वाईकडे जातो. कृष्णेचे घाट, रास्त्यांनी बांधविलेले ढोल्या गणपतीचे देवालय आणि जवळच मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा, एवढे वैभव असता तो तिकडे जावा यात नवल नाही. परंतु जुनी पेठ, जुना वाडा जतन केला पाहिजे, असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय जतन करावयाचे, आणि ते कोणाच्या पदरचे खर्चून, हे दोन प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. पहिला प्रश्न सत्याचा आहे, दुसरा न्यायाचा.

पहिल्या प्रश्नाचे स्वरूप कळण्यास दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. कॅरिबियन समुद्रातील क्यूबा बेटावर त्रिनिदाद नावाचे लहानसे नगर आहे. स्पॅनिश लोकांनी ते १५१४ साली वसविले. त्याचा दगडगोट्यांनी फरसबंद केलेला मध्यभाग व लगतचे उसाचे खोरे यांस १९८८ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. चौकाभोवतालचे ते देखणे वाडे साखरेच्या पैशावर उठले, आणि ती साखर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामातून निघाली. खोऱ्यात एक उंच मनोरा आहे. मळ्यांत राबणाऱ्या गुलामांवर नजर ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होई. १८८६ साली क्यूबातील गुलामगिरी संपली. मनोरा राहिला, आणि आज प्रवासी त्यावर चढून सृष्टिशोभा पाहतात. शोभा खरीच आहे. पण ज्यास मनोऱ्याचे प्रयोजन ठाऊक नाही त्याने तो पाहिला असे म्हणता येईल काय?

आपल्याकडे गुलामांचे मळे नव्हते, एवढ्यावर आपली सुटका होत नाही. आपल्या पेठांची रचनाच कोणी कोठे राहावे आणि कोणी कोणत्या पाणवठ्यावर जाऊ नये, हे सांगणारी होती. चिरेबंदी वाड्याइतकेच गावकुसाबाहेरचे घरही त्या रचनेचा भाग होते. वाडा टिकला, कारण तो दगडाचा होता. ते घर मातीचे असल्यामुळे गेले. केवळ जे टिकले तेच जपू म्हणणारा मनुष्य नकळत बलवानाचीच आठवण जपत असतो.

यावर कोणी म्हणेल की, अन्यायाने डागळलेले ते सारे पाडून टाकावे. हा उपाय सोपा आहे, पण तो शहाणपणाचा नव्हे. महाडचे चवदार तळे पाहा. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव झाला. पुढे महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहस्रावधी अनुयायी त्या पाण्यापर्यंत गेले. तळ्याचे शुद्धीकरण करण्यापर्यंत काहींची मजल गेली, आणि कोर्टातील वाद १९३७ पर्यंत चालला. तरीही आज त्या तळ्याचे जे महत्त्व आहे ते त्या दिवसापासूनचे आहे. तळे बुजविले असते तर अन्यायाबरोबर त्याच्या प्रतिकाराची खूणही नाहीशी झाली असती. म्हणून वास्तू राखावी. पण तिची हकीकत अर्धी कापून राखू नये.

आता दुसरा प्रश्न. जुन्या वाड्याचे कौतुक वाटेने जाणारा करतो. गळते छप्पर मात्र आत राहणाऱ्याच्या डोक्यावर असते. भाऊबंदांत वाटण्या झालेल्या, नाममात्र भाडे देणाऱ्या कुळांनी भरलेल्या वाड्याच्या मालकास ‘हे पाडू नका’ असे सांगणे म्हणजे स्वतःच्या आनंदाची किंमत दुसऱ्याकडून वसूल करणे होय. समाजास वास्तूवर हक्क सांगावयाचा असेल, तर दुरुस्तीच्या खर्चातही वाटा उचलला पाहिजे. हक्क आणि भार यांची फारकत झाली की जतन ही जुलमाचीच एक सभ्य रीत होते. उलट, मालकाचा अधिकार सर्वस्वी निरंकुश आहे, असेही नव्हे. भिंत त्याची असली तरी रस्त्याची ओळ, पाराची सावली व चौकाचा मोकळेपणा ही पिढ्यांनी मिळून घडविलेली असतात. ती एकट्याची मिळकत नसते.

या कसोट्या लोणंदास लावून पाहाव्या. नीरेत पादुकांना स्नान घडल्यावर ज्ञानेश्वर माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदास मुक्काम करते. या सोहळ्यास आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर याच जिल्ह्यातले. मुक्कामाच्या काळात परक्या माणसास ओसरी, पाणी आणि भाकर देण्याची रीत हाच या गावाचा वारसा. त्यास कोरीव कमानीची गरज नाही. तोही निष्कलंक नाही, हे विसरू नये. ज्या पंढरीकडे ही वाट जाते तेथील देवालय अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. दार उघडल्याने देवालयाचे पुरातनत्व तसूभरही उणे झाले नाही.

यावरून वारशाविषयी एक गोष्ट निश्चित होते. तो केवळ पूर्वजांकडून येत नाही. पूर्वजांच्या चुका दुरुस्त करणाऱ्यांकडूनही येतो. सबब जुन्या पेठेवर हक्क कोणाचा, या प्रश्नास उत्तर असे की, तो जिने बांधली तिच्या वंशाचा जितका, तितकाच जिला तेथे पाऊल टाकता आले नाही त्या माणुसकीचाही आहे. दोघांची नावे ज्या पेठेत सांगितली जातील आणि दोघांचा भार ज्या समाजाने उचलला असेल, तीच पेठ जतन झाली असे म्हणावे.