पाण्याची बादली

पोरे अंगणात फटाके उडवू लागली, की घरातली आजी पाण्याची बादली आणून ठेवते. दिवाळी सुखरूप पार पडते आणि ती बादली तुळशीत रिकामी होते. तिचे आभार कोणी मानीत नाही; ‘उगाच ठेवली होती,’ म्हणणारा मात्र एखादा निघतोच.

तरुण मुलांना व्यसनांपासून आणि मनाच्या आजारांपासून वाचविण्यासाठी होणारा सार्वजनिक खर्च असाच असतो. व्यसनात बुडालेल्या मुलाच्या उपचारासाठी पैसा मागावा, तर दाखवायला तो मुलगा तरी असतो. जो बुडालाच नाही, त्याला कोणत्या जमाखर्चात दाखवायचे?

आइसलंडसारख्या चिमुकल्या देशाने मुलांनाच विचारून हा हिशेब ठेवला. १९९८ मध्ये तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागच्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. मधल्या काळात तेथे नुसती व्याख्याने झाली नाहीत. सरकारी पैशातून खेळ, संगीत, नृत्य यांची सोय वाढविण्यात आली, आणि पालकांनाही या कामात ओढून घेण्यात आले.

‘पण हे काम आईबापांचे, सरकारचे नव्हे,’ असे कोणी म्हणेल. ज्यांना परवडते ते आईबाप हे काम करतातच. त्यांच्या मुलाला संध्याकाळी तबल्याचा वर्ग असतो, क्रिकेटची शिकवणी असते. ज्याची आई दुसऱ्या पाळीला जाते, त्याला नाका असतो. सार्वजनिक पैसा खरोखर त्याचा आहे. राज्यघटनेचे ४७ वे कलम मादक पदार्थांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावयास सांगते, आणि दारूवरील कर तर राज्याच्या तिजोरीत नेमाने पडतो. त्या पैशातला काही भाग या मुलाकडे परत आला, तर ते दान नव्हे. ती परतफेड होय.

मी शिक्षक आहे, म्हणून एक कबूल केले पाहिजे. शाळा सुटल्यावर मैदानाच्या फाटकाला कुलूप घालणाऱ्यांत मीही होतो. रखवालदाराच्या पगाराची तरतूद नव्हती, हे खरे. परंतु ती व्हावी म्हणून मी कधी अर्जही केला नाही. मुले नाक्यावर गेली, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांना ‘व्यसनांचे दुष्परिणाम’ हा निबंध लिहावयास दिला.

निबंध सर्वांनी चांगले लिहिले होते. फाटक मात्र बंदच होते.