शेताचा कोपरा व रस्त्याची कड

शास्त्रपाठ : लेवीय २३:२२



पीक कापावयास जाल तेव्हां शेताच्या अगदीं कडाकोपऱ्यांपर्यंत विळा चालवूं नका, अशी आज्ञा परमेश्वरानें इस्राएल लोकांस दिली. जें राहील तें गरिबांचें व परक्यांचें. धन्यास वाटावें, कोपऱ्यांतल्या चार कणसांनीं कोणाचें पोट भरणार? परंतु बवाजाच्या शेतांत अशींच राहिलेलीं कणसें वेंचून मवाबी रूथ जगली, आणि तिच्याच वंशांत दावीद राजा व पुढें आपला प्रभु जन्मास आला. कडेला सोडलेलें वायां गेलें नाहीं.

आपल्या काळचा असाच एक कोपरा पाहूं. इंग्लंड व वेल्स येथें १९३० च्या सुमारास रानफुलांनीं भरलेलीं कुरणें पुष्कळ होतीं. १९८० च्या दशकापर्यंत त्यांपैकीं सुमारें ९७ टक्के नाहींशीं झालीं. कोठें नांगर फिरला, कोठें खत घालून एकाच जातीचें गवत वाढविलें. फुलें गेलीं, तशी त्यांवर जगणाऱ्या मधमाशांची व फुलपाखरांचीहि अन्नान्न दशा झाली. या निराश्रितांस थारा मिळाला तो रस्त्यांच्या कडेच्या अरुंद पट्ट्यांवर. ब्रिटनमध्यें ७०० हून अधिक जातींचीं रानफुलें तेथें आढळतात. आतां या शेवटल्या कोपऱ्यांतहि विळा चालवावा काय? तेथील जाणत्यांनीं या प्रश्नाचें जें उत्तर दिलें, त्यांत आपणांस तीन धडे आहेत.

पहिला धडा धीराचा. फुलें उमललीं असतांच यंत्र फिरविलें तर बीं धरत नाहीं. ‘यलो रॅटल’ नांवाचें एक रोपटें आहे. तें आपलीं मुळें गवताच्या मुळांस लावून त्याचा रस ओढतें. त्यामुळें गवताचा जोर ओसरतो व इतर फुलांस जागा मिळते. परंतु तें एकच वर्ष जगतें, व त्याचें बीं मातींत फार काळ जिवंत राहत नाहीं. लागोपाठ दोन वर्षें बीं पडण्यापूर्वीं कापणी झाली कीं तें बहुधा कायमचें गेलें. म्हणून तेथील शहाणे लोक उन्हाळा सरत येईपर्यंत थांबतात. गहूं व निदण यांच्या दाखल्यांतला घरधनीहि कापणीपर्यंत थांबावयास सांगतो.

दुसरा धडा दीनतेचा. कापलेलें गवत तेथेंच टाकलें तर तें कुजून जमीन माजते. माजलेल्या जमिनींत दांडगें गवत व खाजकुयलीसारखें अंगाची आग करणारें रान वाढतें, आणि नाजूक फुलें गुदमरतात. यास्तव कापलेलें उचलून न्यावें लागतें. डॉर्सेट परगण्यांत वेमथ नगराकडे जाणारा नवा रस्ता २०११ सालीं खुला झाला. त्याच्या खडूच्या उतारांवर सुपीक मातीचा जाड थर मुद्दाम घातला नाहीं. निकस जमिनींतच रानफुलांचें बीं टाकलें. तेथें ‘किडनी व्हेच’ ही पिवळ्या फुलांची वनस्पति फोफावली. ‘स्मॉल ब्ल्यू’ या चिमुकल्या फुलपाखराच्या अळ्या ब्रिटनमध्यें हिच्याच फुलांवर पोसतात. त्या फुलपाखरासह सुमारें ३० जाती तेथें नोंदल्या गेल्या. म्हणजे त्या देशांतील एकंदर जातींच्या निम्म्या! शिवाय गवत थोडें, म्हणून कापण्याचा खर्चहि थोडा. जे आत्म्यानें दीन त्यांस प्रभूनें धन्य कां म्हटलें, हें त्या उजाड उतारावर उभें राहिल्यास समजेल. आपलें अंतःकरण मान व मालमत्ता यांनीं माजलें, तर तेथें एकच गवत वाढतें, तें ‘मी’पणाचें.

तिसरा धडा जागरूकतेचा. कोणी म्हणेल, “मग कांहींच न करणें बरें!” तसें नाहीं. वळणावर व चौरस्त्यावर समोरचें दिसावें म्हणून तेथील गवत आंखूडच ठेवतात, कारण मनुष्याचा जीव मोलाचा आहे. आणि अन्यत्रहि कधींच न कापल्यास झुडपें माजून फुलें मरतात. टाकून देणें निराळें व राखून ठेवणें निराळें. आळसाला दया हें नांव देऊं नये.

बंधूंनो, आपल्याहि गांवीं कडा आहेत. पावसाळ्याअखेर बांधावर तेरडा व कुर्डू फुलतो, आणि आपण त्यावर तणनाशक मारतों. दफनभूमींतील गवत सरसकट पेटवून देतों. सापाकिरड्याचें भय खरें आहे; म्हणून पायवाट व घराभोंवतालचें अंगण अवश्य स्वच्छ ठेवा. परंतु एक कड राखा. बीं पडूं द्या, मग कापा, व कापलेलें गुरांस घाला. यांत पैशाची तोशीस नाहीं. हात कांहीं दिवस आवरावा लागतो, इतकेंच.

रानांतील फुलांस जो पेहराव देतो, त्यानें तीं पाहावयास आपणांस सांगितलें आहे. आपल्या मुलांस दाखवावयास एकहि फूल उरलें नाहीं, तर प्रभूचें तें वचन त्यांस आपण कसें समजावून सांगणार?

हे प्रभो, आम्हांस कोपरा सोडावयास शिकीव. आमेन.