गळा दाटतो त्याच्या जरा आधी

चित्र नको. पडदा बंद असू द्या. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ला (1982) जॉन विल्यम्सनं दिलेलं पार्श्वसंगीत लावा. सायकलींच्या शेवटच्या पाठलागापासून निरोपापर्यंतचा भाग. पोलिसांच्या गाड्या, झाडी, यान हे सगळं डोळ्यांपुढे येईलच. येऊ द्या. त्यांच्यामागे मात्र जाऊ नका.

आधी स्वतःकडे कान द्या. गळा नेमका कधी दाटतो? ती ओळखीची धून सुरू झाल्यावर, की त्याच्या किंचित आधी? घाई न करता पुन्हा ऐका. व्हायोलिनं पायरी पायरीनं वर चढतायत, खालून ताल रेटतोय, आणि पुढे काय येणार हे तुम्हाला ठाऊक झालंय. तिहाई सुरू झाली की समेच्या आधीच मान हलू लागते, तसंच हे. अश्रू बरेचदा या वाट पाहण्याचे असतात.

आता धून. उड्डाणाची ही धून ‘सा’वरून थेट ‘प’वर झेपावते. ती झेप मनात गुणगुणून बघा. याच विल्यम्सच्या ‘स्टार वॉर्स’च्या (1977) मुख्य धुनेतही हीच सा-प झेप आहे, पण तिथे ती ट्रम्पेटवर येते आणि ललकारी वाटते. इथे व्हायोलिनांचा ताफा ती उचलतो आणि आपण विरघळतो. म्हणजे हळवेपणा त्या दोन स्वरांत नाही. वाद्य कोणतं, गती किती आणि त्याआधी आपल्याला किती ताटकळत ठेवलं, यात तो आहे. ताटकळत तर भरपूर ठेवलंय: चित्रपटात या धुनेचे तुकडे आधी इथे तिथे डोकावतात, आणि ती खऱ्या अर्थानं उलगडते ती एलियट या मुलाची सायकल जमीन सोडते तेव्हा. ही काटकसर मला फार मोलाची वाटते. जो संगीतकार पहिल्याच प्रसंगात सगळी व्हायोलिनं ओतून मोकळा होतो, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

थोडं थांबा. आवाज बंद करा.

या शेवटच्या भागाचं ध्वनिमुद्रण चालू असताना संगीत चित्राशी क्षणाक्षणाला जुळेना. तेव्हा स्पीलबर्गनं पडद्यावरचं चित्रच बंद केलं आणि विल्यम्सला मैफलीत वाजवावं तसं मोकळेपणी वाजवायला सांगितलं. मग त्या ध्वनिमुद्रणाला धरून संकलन जुळवलं. संगीत प्रेक्षकाला ‘रडवतं’ ही तक्रार इथे जरा पातळ होते. वरून चिकटवलेलं संगीत वेगळं. इथे संगीताच्या लांब श्वासाला जागा देण्यासाठी चित्रच सरकलंय.

तरी निरोपाचा भाग पुन्हा लावा आणि कठोरपणे ऐका. शांतता कुठे आहे का, शोधा. मला ती पुरेशी सापडत नाही. एकेका निरोपाला वाद्यवृंद आपली मान्यता देत राहतो. मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसतंय तेच हॉर्न पुन्हा सांगतात, आणि शेवटी टिंपनी आणि पितळी वाद्यं इतकी दणदणतात की दुःखाचा जवळजवळ विजयोत्सव होतो. काहींना तेच आवडतं. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

आता एकदा फक्त चेलो आणि डबल बास ऐका. वरची धून कानावर पडत राहील, तिला पडू द्या. खालच्या स्वरांनी वाट बदलली की वर तीच धून असूनही तिचा रंग पालटतो का, तेवढंच बघा.