टंचाईचा काळ आणि मनाची शांती

आर्थिक विवंचनेचे दिवस आले म्हणजे उपदेशाला सुगी येते. धीर धरा, मन शांत ठेवा, हेही दिवस जातील, असे सांगणारे लोक घरात, कचेरीत, देवळाच्या पायरीवर, जेथे तेथे भेटू लागतात. हा उपदेश खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु उपदेशाची परीक्षा केवळ त्यातील शब्दांनी पुरी होत नाही. तो कोण करतो, कोणाला करतो आणि त्या दोघांच्या घरच्या चुलींत किती अंतर आहे, हेही पाहावे लागते. ज्याच्या कोठीत वर्षाचे तांदूळ भरलेले आहेत त्याने भाव चढले असता शांत राहणे, आणि ज्याला संध्याकाळच्या शिध्याची शाश्वती नाही त्याने शांत राहणे, ह्या दोन गोष्टींना एकच नाव द्यावे काय? ह्या प्रश्नाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

रायपूरकर वाचकांना गोल बाजाराची ओळख करून देण्याचे कारण नाही. इतरांसाठी इतकेच सांगतो की, मालवीय मार्गाला लागून असलेली ही जुनी पेठ म्हणजे ह्या प्रदेशाच्या घरगुती गरजांची जणू खतावणीच आहे. किराणा, मसाले, पूजेचे साहित्य, बांगड्या, भांडी, जडीबुटी, लग्नातले मौर, असे सारे तेथे मिळते. पक्क्या दुकानांच्या पायाशी जमिनीवर फडके अंथरून माल मांडणारेही पुष्कळ असतात. त्या मांडणीला इकडच्या बोलीत 'पसरा' म्हणतात. अक्षय्यतृतीयेला छत्तीसगढात 'अक्ती' असे नाव आहे. त्या दिवशी मुले मातीच्या बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात, आणि त्याआधीचे काही दिवस गोल बाजारात ह्या रंगीत 'पुतरा-पुतरीं'ची विक्री चालते. हंगाम तेवढाच. २०२० साली अक्ती २६ एप्रिलला आली, २०२१ साली १४ मे रोजी. दोन्ही वेळा शहर टाळेबंदीत होते. माती कालवून, घडवून, रंगवून ठेवलेल्या बाहुल्यांना सण उलटल्यावर गिऱ्हाईक नसते. त्या मातीत ज्यांची मजुरी आणि थोडेफार उसने भांडवल गेले, त्यांची सलग दोन वर्षे अशी गेली.

त्याच काळात केंद्र सरकारी नोकरांचेही काही थांबले होते. १ जानेवारी २०२०, १ जुलै २०२० आणि १ जानेवारी २०२१ ह्या तारखांना देय होणारे महागाईभत्त्याचे तीन हप्ते रोखण्यात आले. भत्त्याचा दर १७ टक्क्यांवर थांबला. १ जुलै २०२१ पासून तो २८ टक्के झाला, पण मधल्या १८ महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. मी ह्याच वर्गातला एक कारकून असल्यामुळे त्या तुटीचे हिशोब किती बारकाईने मांडले जात हे मला ठाऊक आहे. ती तूट काल्पनिक नव्हती. घरबांधणीच्या कर्जाचा हप्ता आणि मुलांची फी ह्यांना भत्ता गोठल्याचे कळत नाही. तथापि मूळ पगार ठरल्या दिवशी येत होता. आमचे जे थांबले ती वाढ होती. पसऱ्यावरच्या माणसाचे जे थांबले ते उत्पन्नच होते. दोन्हीकडे 'तंगी' हा एकच शब्द वापरला जात होता, आणि शांत राहण्याचा उपदेशही दोघांना सारख्याच शब्दांत होत होता.

ह्यावरून शांती ही सुखवस्तू लोकांची चैन आहे असे अनुमान कोणी काढील तर ते मात्र चुकीचे होईल. टंचाईत मन ढळू न देण्याचा लाभ, किंबहुना, गरिबालाच अधिक आहे. कारण चुकीचा एक निर्णयही त्याला परवडत नाही. घाबरलेला मनुष्य हातातली वस्तू पडत्या भावात विकतो, पहिल्या भेटलेल्या सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवतो, पेरणीसाठी राखलेले धान खाऊन टाकतो. बाहेर ज्याच्यापुढे बोलता येत नाही त्याचा राग तो घरी बायकापोरांवर काढतो. उलट ज्याचे चित्त ठिकाणावर आहे तो प्रथम वही उघडतो. कोणाचे देणे आधी, कोणाचे थांबू शकेल, कोणता खर्च टाळता येईल आणि कोणता टाळला तर मूल आजारी पडेल, हे तो लिहून काढतो. शांती ह्या शब्दाचा व्यवहारातील अर्थ माझ्या मते हाच: आपल्या परिस्थितीचा जमाखर्च न घाबरता आणि न लपवता पाहण्याची शक्ती. आशावाद म्हणून जे सांगितले जाते त्यात पुष्कळदा वही मिटून ठेवण्याचा सल्ला असतो. सर्व ठीक होईल, असे स्वतःला बजावत राहणाऱ्याचा आनंद पहिल्या तगाद्यालाच संपतो. उद्या सकाळी आपल्याला नेमके काय करता येण्याजोगे आहे हे ज्याला कळले आहे, त्याची आशा अधिक टिकते.

तेव्हा शांती हवी, हे ठरले. प्रश्न उरतो तो तिच्या उपदेशाच्या अधिकाराचा. प्राचीन रोममध्ये सेनेका आणि एपिक्टेटस हे एकाच पंथाचे दोन तत्त्वज्ञ होऊन गेले. सेनेका त्या काळच्या अतिधनाढ्यांपैकी एक; एपिक्टेटस जन्माने गुलाम. बाह्य परिस्थितीने मन विचलित होऊ देऊ नये, हे दोघेही सांगतात. सेनेकाने आपल्या मित्राला असा सल्ला दिला आहे की, अधूनमधून काही दिवस मुद्दाम जाडेभरडे खाऊन आणि खरखरीत वस्त्र नेसून राहावे, म्हणजे दारिद्र्याची भीती उरत नाही. सल्ला उत्तम आहे. परंतु ते दिवस कधी संपवायचे हे सेनेकाच्या हाती होते. गुलामाच्या अंगावरचे खरखरीत वस्त्र त्याच्या इच्छेने उतरत नाही, आणि दारिद्र्याचा खरा जाच ह्या न उतरण्यातच आहे. म्हणून सेनेकाचे वचन त्याने स्वतःपुरते योजले तर ते शहाणपण ठरते. तेच त्याने आपल्या गुलामाला ऐकवले असते तर ते क्रौर्य झाले असते. शब्द तेच, विचार तोच. फक्त तो कोणाकडे तोंड करून उच्चारला एवढाच फरक.

आपल्या परंपरेत ह्या भेदाचे मोठे उदाहरण म्हणजे तुकोबा. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनेत जो भीषण दुष्काळ पडला त्यात देहूच्या ह्या वाण्याचा व्यापार बुडाला आणि त्यांची एक पत्नी अन्नावाचून गेली. हे दुःख त्यांनी आपल्या अभंगांत स्वतःच नमूद केले आहे. पुढची कथा परंपरेने सांगितलेली आहे. घरात सावकारी होती, लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते होती. तुकोबांनी धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. ह्या कृत्याकडे आपण वैराग्याचे लक्षण म्हणून पाहतो, आणि ते आहेच. पण ती खते ज्यांच्या नावाची होती त्या कुळांच्या बाजूनेही ते पाहिले पाहिजे. दुष्काळाने नागवलेल्या त्या माणसांना तुकोबांनी 'धीर धरा' असे सांगितले नाही. त्यांच्या मानेवरचे ओझे उतरवले. स्वतःच्या हानीविषयी जे मन निवले, ते दुसऱ्याच्या हानीविषयी मात्र निवले नाही. भावाचा वाटा त्यांनी परस्पर बुडवला नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यागाचा अधिकार आपल्या वाट्यापुरताच असतो, आणि दुसऱ्याला त्याग शिकवण्याचा मोह आवरणे हाही त्यागाचाच भाग आहे.

आता देहूहून पुन्हा आपल्या छत्तीसगढात येऊ. मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्रे ह्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोळकर हे त्यांचे सहसंपादक आणि रायपूरचे वामनराव लाखे हे प्रकाशक होते. तो काळ दुष्काळाचा होता. १८९७ पाठोपाठ १८९९-१९०० च्या दुष्काळानेही हा प्रदेश होरपळला होता. अशा वेळी मासिकाला वर्गणीदार कोठून मिळावेत? तीन वर्षे चालून १९०२ च्या अखेरीस ते पैशांअभावी बंद पडले. सप्रे खचले नाहीत. पुढे त्यांनी 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. १९२६ साली रायपुरात त्यांचे देहावसान झाले. ह्याच अल्पायुषी मासिकात १९०१ साली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आली. एक जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो. ती त्या झोपडीतली टोपलीभर माती नेण्याची परवानगी मागते आणि टोपली डोक्यावर ठेवण्यास हात लावावा अशी विनंती त्यालाच करते. त्याला ती उचलत नाही. मग ती विचारते, ही एक टोपली उचलत नाही, तर झोपडीत हजारो टोपल्या माती आहे, तिचा भार जन्मभर कसा वाहाल? जमीनदार वरमतो आणि झोपडी परत करतो. दुसऱ्याच्या ओझ्याविषयी बोलण्यापूर्वी त्याला एकदा हात लावून पाहावा, हे ह्याहून थोडक्यात सांगणे कठीण आहे.

वामनराव लाख्यांनी त्याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला होता, आणि १९१२ च्या कायद्याने मध्यवर्ती सहकारी बँकांना जागा करून दिली. १९१३ साली रायपुरात अशी बँक उभी राहिली, ती वामनरावांच्या पुढाकाराने. रायपूरचे लाखेनगर आज त्यांचे नाव चालवते. शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जो घाम फुटतो, तो प्रवचनाने वाळत नाही. रास्त व्याजाचे कर्ज मिळाले तर वाळतो. छत्तीसगढच्या खेड्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. येथे पौष पौर्णिमेला 'छेरछेरा' होतो. नवे धान घरात आलेले असते, मुले दारोदार ते मागत फिरतात, आणि कोणीही विन्मुख पाठवला जात नाही. गावाच्या 'रामकोठी'त सर्वांचे धान जमा करून अडल्यानडल्याला देण्याची प्रथाही जुनीच. सुगीच्या दिवशीच टंचाईची तरतूद करणारी ही माणसे मनःशांतीवर ग्रंथ लिहीत नव्हती. शांती शक्य होईल अशी व्यवस्था लावत होती.

महाराष्ट्रातही १९७२ च्या दुष्काळाने हेच शिकवले. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेने त्या दुष्काळात आधार दिला, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली देशाने त्या वाटेने आपला कायदा केला. त्या योजनेच्या खर्चासाठी महाराष्ट्रात पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसायकर बसवण्यात आला. दरमहा पगारपत्रकात कापली जाणारी ती लहानशी रक्कम हे एक नीतितत्त्व आहे: ज्याचे उत्पन्न ठरल्या दिवशी येते त्याने आपल्या शांतीचे थोडे भाडे द्यावे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, दुसऱ्याच्या दुःखाने प्रत्येकजण अस्वस्थ होऊ लागला तर जगातील अस्वस्थतेत भरच पडेल. परंतु ह्या दोन अस्वस्थता एका जातीच्या नाहीत. स्वतःच्या हानीची चिंता माणसाला आक्रसून टाकते. दुसऱ्याच्या अडचणीची चिंता, तिच्यात दिखाऊपणा नसेल तर, त्याला कामाला लावते. गीतेतील समत्वाचा उपदेशही अर्जुनाने रथात स्वस्थ बसावे म्हणून झालेला नाही, तर उठून कर्तव्य करावे म्हणून झाला आहे.

दुसरा आक्षेप असा की, गरीब माणसे आपल्याहून अधिक समाधानी दिसतात. पसऱ्यावर बसणाऱ्या बायका भर मंदीतही हसतखेळत असतात. दिसतात हे खरे. पण त्यांचे हसणे ही त्यांची कमाई आहे. तिचा पुरावा म्हणून वापर करून आपली जबाबदारी कमी करण्याचा हक्क आपल्याला नाही. जी बाई रिकाम्या हाताने घरी जातानाही शेजारणीची थट्टा करू शकते, तिला शांती शिकवण्याची गरज नाही. तिला गिऱ्हाईक हवे आहे.

मग आम्ही मध्यमवर्गीयांनी करावे काय? फार मोठे काही सुचवण्याची माझी पात्रता नाही. परंतु पुतरीच्या किमतीत दोन रुपयांसाठी घासाघीस न करणे, घरकाम करणाऱ्या बाईचा पगार आपली ओढाताण असली तरी आपल्या पगाराच्याच दिवशी देणे, पतसंस्थेचा हप्ता न थकवणे, ह्या गोष्टी कोणालाही जमतील. कारकुनाला तर आणखी एक गोष्ट जमेल. त्याच्या टेबलावर कोणाच्या मजुरीच्या, कोणाच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या फायली येतात. फाईल सोमवारी पुढे सरकली काय आणि पुढच्या सोमवारी सरकली काय, कारकुनाच्या जेवणात फरक पडत नाही. ज्याचे नाव त्या फाईलवर आहे त्याचे सात दिवस मात्र त्यात असतात. स्वतःच्या थकलेल्या भत्त्याविषयी शांत राहावे, आणि दुसऱ्याच्या थकलेल्या फाईलविषयी शांत राहू नये. टंचाईच्या काळात मन स्थिर ठेवण्याचा एवढाच नियम आमच्या वर्गाला पुरेसा आहे, आणि तो पाळणे वाटते तितके सोपे नाही.