‘समाज’ कोणाचा? हिटलरच्या समाजवादाची परीक्षा



हिटलरच्या पक्षाच्या नावातच ‘समाजवादी’ हा शब्द होता, मग तो समाजवादी नव्हता काय? हा प्रश्न शाळेतील मुले विचारतात आणि मोठमोठे पंडितही मांडतात. मुलाला समजून घ्यायचे असते. पंडिताला बहुधा समाजवादाच्या तोंडाला काळे फासायचे असते. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर नीट दिले पाहिजे.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे न्यायाने ऐकू. २४ फेब्रुवारी १९२० रोजी म्युनिक शहरात या पक्षाने आपला २५ कलमी कार्यक्रम जाहीर केला. ट्रस्ट बनलेल्या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण, मोठ्या उद्योगांच्या नफ्यात वाटा, सार्वजनिक कामासाठी विनामोबदला जमीन अशी कलमे त्यात होती. १९३३ च्या आरंभी जर्मनीत साठ लाख लोक बेकार होते. पुढील काही वर्षांत ती बेकारी जवळजवळ नाहीशी झाली. १९३६ च्या चार वर्षांच्या योजनेने कारखानदारीवर सरकारचा हुकूमही चालू लागला. हे सारे खरे आहे.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच कार्यक्रमाचे चौथे कलम सांगते की, नागरिक तोच, ज्याच्या अंगात जर्मन रक्त आहे. ज्यू तो होऊ शकत नाही. १९२८ साली हिटलरनेच खुलासा केला की, पक्षाला खाजगी मालमत्ता मान्य आहे आणि जमिनीचे कलम मुख्यतः ज्यूंच्या जमीन-व्यवहाराच्या कंपन्यांसाठी आहे. सत्ता हाती येताच २ मे १९३३ रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या. जानेवारी १९३४ च्या कायद्याने कारखान्याचा मालक हा ‘नेता’ आणि कामगार हे त्याचे ‘अनुयायी’ ठरले. संप संपला. मंदीच्या काळात सरकारकडे आलेल्या मोठ्या बँका पुन्हा खाजगी हातांत दिल्या गेल्या. पक्षातील समाजवादाची भाषा खरी मानणारा ग्रेगोर स्ट्रासर ३० जून १९३४ रोजी मारला गेला. डाखाऊच्या छळछावणीत प्रथम कोंडले गेले ते कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट. समाजवाद्यांनाच तुरुंगात घालणारा हा कसला समाजवाद?

कोणी म्हणेल, पण सरकारचे नियंत्रण तर होते ना! याचे उत्तर आपल्याला महाडने दिले आहे. चवदार तळे कोणा सावकाराचे नव्हते. ते नगरपालिकेच्या ताब्यात होते, म्हणजे सार्वजनिक होते. १९२४ साली नगरपालिकेने ते अस्पृश्यांना खुले केल्याचा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांनिशी तेथे जाऊन पाणी प्यावे लागले. मालकी सार्वजनिक आहे, एवढ्याने पाणी सर्वांचे होत नाही. तळे कोणाच्या नावावर आहे, याच्या आधी तळ्यावर कोणाला येऊ देतात हे विचारावे लागते.

आपल्या मराठीत ‘समाज’ या शब्दाचे दोन अर्थ चालतात. पुस्तकात समाज म्हणजे सर्व माणसे. गावात समाज म्हणजे आपली जात. ‘उद्या समाजाची बैठक आहे’ असे म्हटले की कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हे न सांगता कळते. हिटलरचा समाज हा दुसऱ्या अर्थाचा समाज होता. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंशी बेटीव्यवहाराला बंदी घातली. बेटीबंदी म्हणजे काय, हे या देशातील माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जातीपुरता असलेला समाजवाद हा जातिवादच होय.

१९३८ चा नोव्हेंबर महिना आठवा. ७ तारखेला मुंबईत बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, एरवी एकमेकांवर टीका करणारे हे दोघे, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एकत्र आले आणि संपाचा हक्क राखण्यासाठी एक दिवसाचा संप झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, ९ तारखेच्या रात्री, जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जळाली, त्यांची दुकाने फोडली गेली. एकीकडे कामगाराचा हक्क मागणारा पक्ष, दुसरीकडे तो हक्क आधीच पुरून शेजाऱ्याचे घर जाळणारा पक्ष. दोघांना एकच नाव कसे देता येईल?

१९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये बाबासाहेबांनी राज्य समाजवाद मांडला. महत्त्वाचे उद्योग राज्याचे असावेत, शेती राज्याचा उद्योग व्हावी, आणि जमीन कसायला देताना जात वा पंथ पाहू नये. हे सर्व घटनेच्या मार्गाने, संसदीय लोकशाही राखून, हुकूमशहाविना व्हावे. हिटलरच्या कार्यक्रमाशी हे ताडून पाहा. तेथे रक्त आधी, भाकर नंतर. येथे माणूस आधी.

तेव्हा निर्णय स्पष्ट आहे. एक पक्ष, एक नेता, संघटनांचा नाश, युद्धाची पूजा ही फॅसिझमची लक्षणे नाझींमध्ये पुरेपूर होती. त्यात रक्तशुद्धीचे विष आणखी मिसळले होते. समाजवादाचे नाव हे कामगारांना ओढण्यासाठी लावलेली पाटी होती.

पण ही परीक्षा जर्मनीपुरती ठेवून चालणार नाही. आपल्या गोंदिया जिल्ह्यात उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायला गोंडही जातो, बौद्धही जातो, कुणबीही जातो. काटा सर्वांच्या पायात सारखाच रुततो. उद्या कोणी व्यासपीठावरून ‘समाजाचे भले करू’ म्हणाला, मग तो परका असो की आपला, त्याला विचारा : तुझ्या समाजात या तिघांना जागा आहे काय? आणि हाच प्रश्न आपल्या स्वतःच्या बैठकीतही विचारा. तेथे तो विचारणे अधिक कठीण आहे, म्हणूनच अधिक आवश्यक आहे.